फरार बाईंची शाळा : धीराचा धडा

मिस सिंथिया फरार ह्या अविवाहित मिशनरी बाई सन १८२७ त अमेरिकेहून मुंबईस आल्या. आपली मराठी शिकून त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. १८३९ पासून नगरास हेच कार्य केले. मुलींनी वाचणे त्या काळी लोकांस रुचत नसे. तरी बाईंनी नित्याचा धडा सोडिला नाही. ती नगरची शाळा जोतीराव फुले ह्यांनी पाहिली आणि १८४८ त पुण्यास मुलींकरिता शाळा काढिली. बाई १८६२ त नगरासच निवर्तल्या.

बंधुभगिनींनो, योहान ४:३६-३८ वाचा. आमच्या वर्गास आज दोनच मुली आल्या, तर आम्ही फळा पुसून घरी जावे काय? नाही. त्या दोघींस मन लावून शिकवू. पेरणे आमचे, पीक कोणाच्या शेतात येईल हे प्रभू जाणतो.