दत्तकपणाचा रविवार
शास्त्रपाठ : एस्तेर २:५-११, रोम ८:१२-१७

मागे एका गावी मी उपदेशास गेलो होतो. उपासना संपल्यावर एक बाई कानाशी येऊन म्हणाल्या, "भाऊ, ते लेकरू त्यांचं नव्हे हो, आणलेलं आहे." लेकरू चार पावलांवर उभे होते. त्याच सकाळी मी रोमकरांस पत्रातून दत्तकपणावर बोललो होतो!

हा शब्द पौलाच्या पत्रांत पाच वेळा आला आहे. पत्र रोमला पोहोचले तेव्हा तेथे नीरो बादशहा होता, आणि क्लौद्य बादशहाने दत्तक घेतल्यानेच त्याला गादी मिळाली होती. रोमी कायद्यात दत्तक पुत्राला नव्या बापाचे नाव व वारसा मिळे. म्हणून १७ व्या वचनात लेकरांपाठोपाठ लगेच वारसांची गोष्ट येते. मूल सांभाळणे निराळे आणि त्याला वारस करणे निराळे, हे त्या वाचकांना सांगावे लागत नव्हते.

आपल्याकडे मात्र ख्रिस्ती दांपत्याला बहुतेक ठिकाणी सांभाळण्यापुरताच हक्क होता. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यासाठी. आपल्यासाठी १८९० चा पालकत्वाचा कायदा. मूल सज्ञान झाले की ते पालकत्व संपे. सर्वांसाठी एक कायदा व्हावा म्हणून १९७२ साली विधेयक मांडले गेले, ते मंजूर झाले नाही. पुढे २००० च्या बाल न्याय कायद्याने व त्यातील २००६ च्या दुरुस्तीने वाट मोकळी झाली. कोणत्याही धर्माच्या माणसाला या कायद्याखाली दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले.

तरी आपली सवय जुनीच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई आपल्या या मध्यप्रांतात आल्या व निराधार मुलींना घेऊन गेल्या. तेव्हापासून अनाथाश्रमाला दान देणे मंडळीला चांगले जमते. घरात मूल घेण्याची गोष्ट निघाली की आपण गप्प होतो.

२०१४ पासून ९ नोव्हेंबर हा जागतिक दत्तक दिन म्हणून पाळला जातो. केंद्र सरकारची दत्तक संस्था 'कारा' हीही नोव्हेंबरात जागृती करते. आपल्या मंडळ्यांनी त्या महिन्यातील एक रविवार ठरवून कायमचा पंचांगात घालावा, असे मला वाटते. पण दत्तक मुलांना पुढे बोलावून उभे करू नये. ती काही नाताळच्या नाटुकल्यातली पात्रे नव्हेत. मर्दखयाने हदस्सेला मुलगी मानले, पण त्याचा गाजावाजा केला नाही. तो रोज अंतःपुराच्या अंगणासमोर फेरी घालून तिची खुशाली विचारी, एवढेच ११ वे वचन सांगते.

त्या रविवारी उपदेश थोडका ठेवून माहिती द्यावी. नावनोंदणी 'कारा'कडे करावी लागते. २०२२ पासून दत्तकाचा आदेश कलेक्टरसाहेब देतात. सुईणीकडून वा दवाखान्यातून परस्पर मूल आणणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. हे स्पष्ट सांगावे, कारण आपल्याच लोकांत असे घडते.

आणि पंच कमिटीने तत्पूर्वी एक काम उरकावे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत अशा मुलाच्या आईबापांच्या नावांपुढे कंसात 'पालक' लिहिण्याची रीत कोठे असेल, तर ती बंद करावी. आदेशावर जी नावे आहेत तीच आईबाप म्हणून लिहावीत.