केसपेपरच्या मागे मागे

रुग्णालयांच्या संगणकांची देखभाल हे माझं काम. रस्ता बारामती ते इंदापूर. मध्ये भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी. बारामती एमआयडीसीतल्या कामगाराला कायझनचा, म्हणजे रोजच्या छोट्या सुधारणांचा, फलक नवा नाही. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी वाया जाण्याचे जे सात प्रकार सांगितले, ते मला मात्र ओपीडीच्या रांगेत नीट कळले. त्यातून लागलेल्या या पाच सवयी.

१. सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी एका केसपेपरच्या मागे मागे चालावं. एकदा असाच निघालो. लॅबमधल्या मॅडमनी हिमोग्लोबिन ८.२ वहीत लिहिलं, संगणकात टाकलं आणि पुन्हा चिठ्ठीवर लिहून पेशंटच्या हातात दिलं. चिठ्ठीवरचा मधला ठिपका पुसट. तोच रिपोर्ट डॉक्टरांच्या संगणकावर दिसायची सोय आधीपासून होती. त्यांना लॉगिनच कुणी काढून दिलं नव्हतं.

२. कुणी ‘सिस्टीम स्लो आहे’ म्हटलं की पाच वेळा ‘का’ विचारावं. का स्लो? नोंदणीला वेळ लागतो. का? जुनी नोंद सापडत नाही. का? गायकवाड आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी टाइप झालंय. मग नंबरावरून का शोधत नाही? पेशंटला तो दिसतच नाही. का? केसपेपरच्या कोपऱ्यात मुंगीएवढा छापतो. नंबर ठळक केला, रांग सरकली. सर्व्हर बिचारा ठणठणीत होता.

३. कारण संपलं की कामही बंद करावं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले. तरी एका खिडकीवर फीच्या रकान्यात शून्य टाकून पावती छापणं चालूच होतं.

४. हंगाम ओळखावा. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी, नीरा भीमा या साखर कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्या कोपीवरून (झोपडीवरून) आलेल्या गरोदर बाईची माता-बाल आरोग्याच्या आरसीएच पोर्टलवरची नोंद गावाकडच्या आरोग्यसेविकेनं (एएनएम) केलेली, कार्ड गावी राहिलेलं. इथं नवी नोंद केली की एकच बाई दोनदा मोजली जाते. आभा हा आरोग्य ओळख क्रमांक काढायचा तर ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर. मोबाइल नवऱ्याकडे, नवरा उसाच्या फडात. तिला ओटीपीसाठी बाकावर बसवून ठेवणं मला पटत नाही. आधी तपासणी, नोंद वहीत. संगणकाचं दुपारी बघता येतं. गावाकडच्या एएनएमला फोन लावला की जुना क्रमांकही बहुधा मिळतो.

५. टोनर संपल्यावर मागणी करू नये. राखीव टोनर लावलं की त्याच्या खोक्याचा पुठ्ठा भांडारात नेऊन द्यायचा, तीच मागणी. ही युक्ती भांडारातल्या शिपाईमामांची. आमच्या कंपनीनं नंतर ती कानबान (टोयोटाची मागणी-चिठ्ठीची पद्धत) म्हणून प्रेझेंटेशनमध्ये घातली. मामांचं नाव राहून गेलं.