अभ्यासवर्ग : गावचे मैदान – जागा कुणाची, पैसा कुणाचा?



यंदाच्या गट-बैठकांतून एकच विषय तीन-चार गावी निघाला. तरुण पोरे म्हणतात, कारखान्याने गावाला मैदान करून द्यावे. वडीलधारी म्हणतात, आधी उसाचे बिल द्या, मग चेंडूचे बघा. दोन्हीकडून आवाज चढले, पण एकाही बैठकीत सातबारा कुणी काढून आणला नव्हता. म्हणून या अंकी हा धडा.

सुरुवात उसाच्या मुलखाबाहेरून करू. रायगड जिल्ह्यात करंजा हे कोळ्यांचे बंदर आहे. पलीकडे रेवस, मध्ये धरमतरची खाडी. उरण पेटा पूर्वी पनवेल तालुक्यात मोडे, आता उरण स्वतंत्र तालुका आहे. तेथे ऊस नाही, मासळी आहे. पण मच्छीमारांची सहकारी संस्था आहे, म्हणजे आपले भाऊबंदच. तिकडे मुद्दाम जायचे कारण असे, की मैदानाची जागा कुठून येते हे त्या पट्ट्यात जितके स्वच्छ दिसते तितके आपल्याकडे दिसत नाही.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच आंदोलक हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व आले. आता आपल्या भाषेत हिशेब मांडू. एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. पण त्यातून दीड गुंठा सामाजिक सोयींसाठी कापून घेतात. शेतकऱ्याच्या हाती उरतात साडेतीन गुंठे.

हा दीड गुंठा सभासदांनी नीट ध्यानात घ्यावा. शाळा, दवाखाना, मैदान हे सरकारने खिशातून दिले असे आपण सहज बोलून जातो. तेथल्या शेतकऱ्याने ते आपल्या पाच गुंठ्यांतून दिलेले आहे. मग त्या पट्ट्यातले मैदान हलवले की तो का खवळतो, हे वेगळे सांगायला नको.

आणि हलवण्याचा प्रकार घडलाच. त्या ९५ गावांपैकीच घणसोली. तेथे २००३ साली शासकीय क्रीडा संकुलासाठी २० एकर जागा ठरली. वर्षे गेली, संकुल झाले नाही. जागेचा काही भाग पुढे घरबांधणीसाठी खासगी विकासकाकडे गेला, आणि २०२१ साली शासनाने संकुल माणगाव तालुक्यातील नाणोरे येथे नेण्याचे ठरवले, म्हणजे शंभरावर किलोमीटर लांब. भारतीय वास्तुविशारद संस्थेच्या नवी मुंबई केंद्राने जनहित याचिका केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द ठरवला. सिडको सर्वोच्च न्यायालयात गेली, तेथेही सप्टेंबर २०२४ मध्ये, उरल्यासुरल्या हिरव्या जागा बिल्डरांच्या हाती जातात याबद्दल खंडपीठाने नाराजी बोलून दाखवली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. माणगावची पोरे काय पोरे नाहीत? सगळी संकुले शहरातच का, हा प्रश्न खेड्यातला माणूस म्हणून आम्हालाही पडतो. माणगावला संकुल जरूर व्हावे. पण एकाच्या ताटातले उचलून दुसऱ्याला वाढणे याला वाढप म्हणत नाहीत. आणि १८ वर्षे जागा रिकामी ठेवायची, मग ‘वापर नाही’ म्हणायचे, ही युक्ती आपल्या गावातही काही मंडळींना चांगली ठाऊक आहे.

आता घराकडे वळू. जागा तीन वाटांनी मिळते. पहिली, कुणी दाता देतो. आमच्या पाहण्यातल्या एका गावी एका आजोबांनी कोपऱ्यातला अर्धा एकर तोंडी दिला. वीस वर्षे पोरे खेळली. आजोबा गेले, नातवांनी एका पावसाळ्यात नांगर घातला आणि सोयाबीन पेरले. नातवांना दोष द्यायचा तर द्या, पण कागद त्यांचाच होता. जमिनीचे बक्षीसपत्र नोंदवलेच पाहिजे, नाहीतर ते दान कायद्याने दानच नव्हे. दुसरी वाट शाळेच्या मैदानाची. ती सोपी आहे, शाळेची परवानगी घेऊन संध्याकाळी वापरावे.

तिसरी गायरानाची, आणि भांडण तिथेच. जमीन महसूल संहितेच्या कलम २२ प्रमाणे जिल्हाधिकारी सरकारी जमीन गुरचरणासाठी वा अन्य सार्वजनिक कामासाठी राखून ठेवतात, आणि ज्या कामासाठी ठेवली त्याखेरीज वापरायची तर त्यांचीच मंजुरी लागते. सरपंचांनी नारळ फोडून भागत नाही. त्यातच सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल आणि १२ जुलै २०११ चा शासन निर्णय आल्यापासून गायरान दुसऱ्या कामाला देणे फार अवघड झाले आहे. ते बरेच झाले असे आमचे मत. बागायतदाराच्या दावणीला उसाचे वाढे असते; भूमिहीनाच्या शेळीला गायरानाशिवाय काय आहे?

पैशाचे आता थोडक्यात. उसाचे बिल १४ दिवसांत देणे हे ऊस नियंत्रण आदेश, १९६६ चे बंधन आहे. थकले तर व्याज लागते. ते आधी. वडीलधाऱ्यांचे म्हणणे इथे बरोबर आहे, आणि पोरांनी ते ऐकावे. त्यानंतर नफा उरला तर सहकारी संस्था अधिनियम, १९६० पाहावा. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला जातो. त्यानंतर कलम ६९ प्रमाणे सार्वजनिक कामासाठी नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम बाजूला काढता येते, तीही शासनाने अधिसूचित केलेल्या संघीय संस्थेच्या मान्यतेने. ‘काढता येते’ म्हणजे काढलीच पाहिजे असे नव्हे. आणि तोट्याच्या वर्षी हा प्रश्नच उद्भवत नाही. तालुका क्रीडा संकुलाचे शासकीय अनुदान २०२२ साली १ कोटीवरून ५ कोटी झाले आहे, पण ते तालुक्याचे. गावोगावच्या मैदानांसाठी नव्हे.

म्हणून मागणीचा अर्ज करताना गावाने आधी जागेचा कागद जोडावा. सातबारा, बक्षीसपत्र किंवा शाळेचे पत्र, काहीही चालेल. ‘जागा बघून ठेवलीय साहेब’ हे चालणार नाही.

एका गट-बैठकीत शेवटच्या रांगेतून एक म्हातारी उठली. म्हणाली, “मैदान करा बाबांनो, पण माझ्या शेळ्या कुठं नेऊ तेवढं सांगा.” सभा गप्प झाली. त्या गावाने मग गायरानाच्या नोंदीला हात लावला नाही, सपाटीकरणही केले नाही. सकाळपासून उन्हे उतरेपर्यंत शेळ्या चरतात, त्यानंतर पोरे बांबूचे खांब रोवतात आणि अंधार पडला की उपटून घरी नेतात. मुलींच्या खो-खोचे खांब मात्र अजून शाळेच्या अंगणातच आहेत, आणि त्यावरून त्या गावात नवा वाद सुरू झाला आहे.