मायक्रॉनच्याही आत

रविवारची सकाळ, भोसरीतलं घर. मामा चाकणच्या कारखान्यात ग्राइंडिंगला, भाची बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी. करते.

मामा : ग्रुपवर आलंय बघ, लोखंडाचे कण कॅन्सर खातात म्हणे. आमच्या मॅग्नेटिक सेपरेटरवर रोज बादलीभर काळा गाळ निघतो. मग मी अमरच झालो की!

भाची : तुमचं टॉलरन्स किती असतं?

मामा : बारीक काम असलं तर पाच मायक्रॉन.

भाची : एकाच मायक्रॉनमध्ये हे कण ओळीने तीसेक बसतील. फेरुमॉक्सिटॉल म्हणतात. लोह-ऑक्साइडचा गाभा, वर कर्बोदकाचं कोटिंग. मुळात ॲनिमियाचं इंजेक्शन, किडनीच्या रुग्णांसाठी. अमेरिकेत 2009 साली मंजूर झालेलं.

मामा : मग कॅन्सरशी काय संबंध?

भाची : कुदळवाडीची भंगार गोदामं आठवा. अंगातही भंगारवाले असतात, मॅक्रोफेज नावाच्या पेशी. म्हाताऱ्या तांबड्या पेशी गिळायच्या, लोह सुटं करायचं, नव्या पेशींसाठी परत धाडायचं. रोज वीसेक मिलिग्रॅम! जेवणातून शोषलं जातं एक-दोन.

मामा : सगळा धंदा भंगारावरच म्हण की.

भाची : पहाराही त्याच देतात. पण गाठीत शिरल्या की गाठ त्यांना फितवते. मग त्या गाठीलाच नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांना हे कण दिले, तर स्तनातल्या गाठींची वाढ मंदावली. 2016 साली छापून आलं. कणांत दुसरं औषध नव्हतं हं. लोह गिळून मॅक्रोफेज पुन्हा चवताळल्या आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सोडायला लागल्या.

मामा : थांब थांब. लोखंड आणि पेरॉक्साइड? हे तर आमच्या ईटीपीत, सांडपाण्याच्या प्लांटमध्ये! फेरस सल्फेट टाकतात, वरून पेरॉक्साइड सोडतात.

भाची : तीच फेंटन अभिक्रिया, 1894 पासूनची. तिथे सांडपाण्यातली घाण तुटते, इथे गाठीतल्या पेशी.

मामा : आणि कॅन्सरचं ते औषध, सिसप्लॅटिन? त्यातही धातूच, प्लॅटिनम असतं ना?

भाची : ते थेट कॅन्सरच्या पेशींच्या डीएनएला चिकटतं. मँगनीज या धातूची गंमत निराळी. पेशीत नको तिथे डीएनए दिसला की रोगप्रतिकारशक्तीची धोक्याची घंटा वाजते; मँगनीज असलं की ती जराशा डीएनएनेही वाजते. चीनमधल्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं.

मामा : आपल्याकडे मिळतं का हे लोहकणांचं इंजेक्शन?

भाची : कॅन्सरसाठी नाही. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून कॅन्सरवर नेक्सकार-19 आलं, 2023 मध्ये मंजुरी मिळाली. पण त्यात रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देतात, धातूचा संबंध नाही.

मामा : मग लोहाच्या गोळ्या सुरू करू?

भाची : मुळीच नको! कॅन्सरच्या पेशीही लोहाच्या हावरट असतात. कुणाच्या ताटात जाईल ते, कुणी सांगावं?

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ग्रुपवर टाइप केलं, ‘उंदीर बरे झाले, आपलं अजून नाही.’

भाची : ‘बरे झाले’ खोडा, मामा. ‘वाढ मंदावली’ लिहा.