धिंगरी अळंबी : जसें भुसकट तसें सत्त्व

पावसाळ्यांत पेठ व सुरगाण्याच्या रानांत उगवणारी अळंबी आपल्या वाचकांस परिचित आहेच. अलीकडे नाशिक जिल्ह्यांतील कित्येक घरांत पिशव्यांत भुसकट भरून धिंगरी जातीची अळंबी वाढवितात. तिच्यांत मांसाहून अधिक प्रथिन आहे, असें विकणारे सांगतात. ह्यांत खरें किती, हें आईबापांनीं समजून घेणें अगत्याचें आहे. कारण ह्या बोलण्यावर विसंबून मुलांच्या ताटांतील डाळ कमी केलेलीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत.

अळंबी ही हिरवी वनस्पति नव्हे. हिरवें पान सूर्यप्रकाशाच्या योगानें आपलें अन्न तयार करितें. अळंबीस तें सामर्थ्य नाहीं. तिचे पांढरे तंतु भुसकटांत शिरतात, त्यास कुजवितात व त्यांतील द्रव्यें शोषून घेतात. तेव्हां भुसकटांत जें नाहीं तें अळंबींत येणार कोठून? प्रथिनास नत्र लागतो. गव्हाच्या काडांत आणि इगतपुरीकडील भाताच्या पेंढ्यांत तो शेंकडा अर्ध्याच्या आसपास असतो; सोयाबीनसारख्या शेंगांच्या पिकाच्या भुसकटांत सामान्यतः अधिक. म्हणून निफाड-दिंडोरीकडे मळणीनंतर उरणारें सोयाबीनचें भुसकट जाळूं नये. तें पेंढ्यांत मिसळावें. मराठवाड्यांतील संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सोयाबीनच्या भुसकटावरच धिंगरीचें उत्पन्न सर्वांत अधिक आलें. मात्र नत्राच्या लोभानें कोंडा फार घातला, तर पिशवी तापते व हिरवी बुरशी धरते.

पंजाबांत नवांशहर व होशियारपूर ह्या भागांत कांहीं जमिनींत सेलेनियम नांवाचें द्रव्य पुष्कळ आहे. तेथील गव्हाच्या काडावर वाढविलेल्या धिंगरींत तेंही द्रव्य अधिक उतरलेलें आढळलें. ज्या वाटेनें सत्त्व आंत जातें, त्याच वाटेनें विषही जातें. शिसें व कॅडमियम हे धातुही अळंबी शोषून घेते. द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या आपल्याकडे फुकट मिळतात खऱ्या, परंतु त्यांवर मोरचुदाचे व इतर औषधांचे फवारे बसलेले असतात. तपासणीवांचून त्या वापरूं नयेत. भुसकट निर्जंतुक करण्यासाठीं पुष्कळ जण तें बुरशीनाशक व फॉर्मॅलिन घातलेल्या पाण्यांत भिजवितात. घरीं खावयाच्या पिकास कढत पाणीच बरें. सरपण अधिक लागतें, हें आम्हांस ठाऊक आहे.

आतां मांसाची गोष्ट. विकणारे वाळलेल्या अळंबीची तुलना ताज्या मांसाशीं करितात. ताज्या अळंबींत शेंकडा नव्वद भाग पाणीच असतें. शंभर ग्रॅमांत प्रथिन सुमारें तीन ग्रॅम. तितक्याच कोरड्या तूरडाळींत तें बावीस ग्रॅमांच्या आसपास असतें. शिवाय प्रयोगशाळेंत नत्र मोजून त्यास ६.२५ नें गुणितात व त्यावरून प्रथिन ठरवितात. पण अळंबीचा कांहीं नत्र तिच्या तंतूंच्या कठीण आवरणांत असतो, प्रथिनांत नव्हे. म्हणून तिच्याकरितां ४.३८ हा आंकडा घेणें योग्य. पुडक्यावर मोठा आंकडा छापलेला दिसल्यास तो कोणत्या हिशेबानें काढला, हें विकणाऱ्यास अवश्य विचारावें, आणि तोंवर मुलांच्या ताटांतील डाळ होती तितकीच ठेवावी.