समाजकार्याचे अध्यापक डॉ. मा. स. गोरे

दान देणे आणि समाजकार्य करणे या दोन गोष्टींत फरक आहे. दानाने आजची गरज भागते. समाजकार्य ती गरज निर्माणच का झाली याचा शोध घेते आणि मनुष्याला स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास साहाय्य करते. हा फरक विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना ज्यांनी शिकविला, त्या अध्यापकांत डॉ. माधव सदाशिव गोरे यांचे नाव अग्रभागी आहे. धर्मादाय व कल्याणकारी संस्थांत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांच्या कार्याचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

आपल्या देशात समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण १९३६ साली मुंबईत नागपाडा येथे सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेली ही शाळा १९४४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली आणि १९५४ साली देवनार येथे गेली. पुढे दिल्लीतही असे विद्यालय निघाले. गोरे यांनी प्रथम दिल्लीच्या विद्यालयाची धुरा सांभाळली व त्यानंतर १९६२ ते १९८२ या काळात टाटा संस्थेचे संचालकपद भूषविले. १९६४ साली या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९७५ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान लाभला आणि १९८३ ते १९८६ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.

परंतु पदांची यादी म्हणजे कार्य नव्हे. समाजकार्याच्या शिक्षणात वर्गातील व्याख्यानाइतकेच महत्त्व क्षेत्रकार्याला असते. विद्यार्थी वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात जातो, लोकांशी बोलतो, पाहिलेले लिहून काढतो व शिक्षकांसमवेत त्याची चर्चा करतो. ज्याला साहाय्य करावयाचे त्याचा मान राखणे, त्याची खाजगी गोष्ट चारचौघांत न बोलणे आणि त्याच्या जीवनाचा निर्णय त्यालाच घेऊ देणे, ही या व्यवसायाची मूलतत्त्वे होत. मदत घेणाऱ्याची मान खाली जात असेल, तर ती मदत सदोष समजावी.

गोरे यांच्या संशोधनातही हीच दृष्टी दिसते. दिल्लीतील भिकाऱ्यांच्या प्रश्नावरील अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध झाला. भिकाऱ्यापुढे नाणे टाकून पुढे जाणे सोपे आहे. तो कोठून आला, कशामुळे आला, हे विचारणे कठीण आहे. नागरीकरण व कुटुंबातील बदल या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९६८ साली निघाला. शहरात राहावयास आले आणि शिक्षण घेतले की एकत्र कुटुंबाची भावना लगेच नाहीशी होते, हा समज दिल्ली परिसरातील अगरवाल कुटुंबांच्या पाहणीतून टिकला नाही. प्रत्यक्ष पाहणीशिवाय समाजाविषयी ठाम विधान करू नये, हा धडा यातून मिळतो.

संचालकपदावरून निवृत्त झाल्यावर त्यांची लेखणी थांबली नाही. महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळ (१९८९), महर्षी विठ्ठल रामजी शिंदे (१९९०) आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे राजकीय व सामाजिक विचार (१९९३) हे त्यांच्या इंग्रजी ग्रंथांचे विषय होते. विचारांचा अभ्यास ते ज्या समाजस्थितीत जन्मले तिच्यापासून तोडून करता येत नाही, ही बाबासाहेबांवरील ग्रंथामागील भूमिका त्याच्या शीर्षकातच आहे. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट गोरे यांनीही संपादन केली होती.

अभ्यास आणि सेवा यांची ही सांगड आपल्याला नवीन नाही. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूर येथे वसतिगृह काढले. पुढे १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सभासद होते. तथागतांनीही प्रथम दुःख सांगितले, मग दुःखाचे कारण, मग निरोध आणि त्यानंतरच मार्ग. कारण न शोधता मार्ग सांगणे धम्माला मान्य नाही.

मग आपण काय करावे? दरवर्षी जून महिन्यात किती वह्या वाटल्या याचा हिशेब अनेक संस्था चोख ठेवतात. त्या वह्या घेणाऱ्यांपैकी किती मुले दहावीपर्यंत पोहोचली, किती मुलींची शाळा मध्येच सुटली व का सुटली, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. ही नोंद ठेवण्यास पैसा लागत नाही. एक वही, दोन-तीन विद्यार्थी आणि महिन्यातून एकदा घरोघरी जाण्याची तयारी पुरेशी आहे. कारण कळले म्हणजे उपायही बदलेल. कोठे वहीऐवजी अभ्यासिका लागेल, कोठे शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्यावा लागेल, तर कोठे आईवडिलांची समजूत घालावी लागेल.

महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी समाजकार्याच्या अभ्यासक्रमाचाही विचार करावा. आपल्या वस्तीची माहिती आपणच गोळा करावी, तिचा अर्थ आपणच लावावा. स्वतःच स्वतःचा दीप होण्याचा हाही एक मार्ग आहे.