दुकान सगळ्यांचं कसं करायचं? आजपासून लावायच्या 5 सवयी

"आमच्याकडे कुणीही यावं, आम्ही भेदभाव करत नाही," असं प्रत्येक दुकानदार सांगतो. पण आपल्या वस्तीतले कोण कोण आपल्या पायरीपर्यंत येऊन परत जातात, हे कधी बघितलंय का? आजचा धडा त्यावरच आहे.

आधी एक कोल्हापूरची गोष्ट

गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी कामाला होते. पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली आणि कोल्हापुरात 'सत्यसुधारक' हे चहाचं हॉटेल सुरू झालं. चहा चांगला, जागा स्वच्छ. पण मालक दलित, म्हणून लोक फिरकेनात. तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले, सोबतच्यांनाही पाजू लागले.

आपल्यासाठी यातला मुद्दा सरळ आहे. पाटी लावून माणसं जवळ येत नाहीत. ज्याच्याकडे लोक बघतात त्याने आधी वागून दाखवावं लागतं, आणि दुकानात लोक मालकाकडे बघतात.

कायदा काय म्हणतो?

संविधानाच्या कलम 15 नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही दुकानात यायला अडवता येत नाही. अस्पृश्यता पाळून कुणाला दुकानात येऊ न देणं हा 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पण ही झाली किमान पातळी. खरं काम रोजच्या सवयींत आहे.

5 सवयी

1. हाक एकच ठेवा. गाडीतून उतरणाऱ्याला "या साहेब" आणि कचरा वेचणाऱ्या ताईंना "ए, काय पाहिजे?" असं नको. सगळ्यांना "या, काय देऊ?" म्हणा. जो आधी आला त्याला आधी माल द्या.

2. पायरी मोजा. रॅम्पचा साधा हिशेब 1 ला 12. म्हणजे पायरी 6 इंच उंच असेल, तर रॅम्प 6 फूट लांब हवा. तेवढी जागा नसेल तर बेल लावा आणि माल बाहेर नेऊन द्या.

3. भाव आणि उधारीचा नियम एकच. भाव लिहून लावा. परप्रांतीय कामगाराला वेगळा भाव सांगू नका. उधारीची मर्यादा आडनाव बघून ठरवू नका, मागची परतफेड बघून ठरवा. वाचता येत नसेल त्याला बिल वाचून दाखवा.

4. माणूस ठेवताना ओळखीबाहेर बघा. आपण पाहुण्यातला मुलगा ठेवतो, मग सगळा स्टाफ एकाच गल्लीतला होतो. "माणूस पाहिजे" ही चिठ्ठी दुसऱ्या वस्तीतही लावा. आडनाव, गाव विचारण्याआधी काम करून बघा: वजन, हिशेब, बोलणं. फायदाही आहे. ईद, बुद्ध पौर्णिमा, दिवाळी, नाताळ या सुट्ट्या वाटून घेता येतात आणि सणाला दुकान बंद ठेवावं लागत नाही.

5. चहाचे कप सारखे. हमाल, सफाईवाल्या मावशी, डिलिव्हरीवाला, सगळ्यांना त्याच कपात चहा. मालकाने स्वतः सोबत बसून प्यावा.

कुणी हरकत घेतली तर?

घेतील. एखाद्या जुन्या काकू म्हणतील, "त्याला काउंटरवर कशाला बसवलंस?" अशा वेळी हसून विषय बदलू नका, कारण तो मुलगा ऐकत असतो. आवाज न चढवता म्हणा, "काकू, तो दुकानाचा माणूस आहे. माल तोच देईल."

कदाचित काकू आठ दिवस येणार नाहीत, कदाचित कधीच येणार नाहीत. हे नुकसान खरं आहे, मी ते लपवणार नाही. पण तुम्ही गप्प बसलात तर आत कोणाचा शब्द चालतो, हे सगळ्या स्टाफला कळतं. मग चांगला माणूस टिकत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

तीन दिवस वहीत नोंद करा: कोण आलं, कोण दारातून परत गेलं, कोण कधीच येत नाही. प्रत्येकापुढे कारण लिहा: पायरी, भाषा, भाव की आपलं वागणं? त्यातलं एक कारण रविवारपर्यंत दूर करा. बाकीची यादी गल्ल्याजवळ चिकटवून ठेवा, दर आठवड्याला एक घ्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, माणसंही वाढवा!